व्याह्यांच्या गाडीचा पिवळा दिवा

आमच्या गल्लीच्या टोकाला ज्याचं गॅरेज आहे त्याला सगळे सर्जन म्हणतात. हे नाव लोकांनी ठेवलेलं नाही. त्याने स्वतःच सुचवलं आणि हळूहळू लोकांच्या गळी उतरवलं. हा गृहस्थ बॉनेट उघडत नाही, पोट उघडतो. त्याच्याकडची गाडी बिघडत नाही, तिला त्रास होतो. गिऱ्हाइकाला तो पेशंटच्या नातेवाइकासारखं बाहेर बाकावर बसवतो आणि हात पुसत येऊन सांगतो, "वेळेवर आणलंत."

अशा माणसाकडे त्याच्या व्याह्यांची गाडी आली. इंजिनात जोराने हवा ढकलणारा टर्बो गेला होता. लेकीच्या सासरची गाडी म्हटल्यावर सर्जनच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्याने टर्बो दुरुस्त करून बसवला, गाडी धुऊन चकचकीत केली आणि व्याह्यांना किल्ली अशी दिली, जणू लेकीची दुसऱ्यांदा पाठवणी करतोय.

दुसऱ्याच दिवशी स्टिअरिंगमागे इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

आता सर्जनकडे स्कॅनर आहे. तो जोडला की कुठे दुखतंय ते गाडी स्वतःच सांगते. पण ते वाचायचं म्हणजे ऑपरेशननंतरही काहीतरी दुखतंय हे कबूल करणं आलं. म्हणून सर्जन स्कॅनर जोडायचा आणि न वाचताच नोंद पुसून टाकायचा. दिवा जायचा. "टर्बो आत्ताच बसवलाय, रुळेल," असं तो व्याह्यांना सांगायचा, नव्या सुनेबद्दल बोलावं तसं. चार दिवसांनी दिवा हजर. व्याहीही असे सभ्य की चढावर सायकलवाले आपल्याला मागे टाकून जातात हे त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. "बाकी छान आहे," म्हणायचे. दोन सभ्य माणसं एकत्र आली की गाडी दुरुस्त होत नाही.

या सभ्यपणाचा भुर्दंड लेकीला पडत होता. तिच्या सासूबाई मागच्या सीटवर बसायच्या आणि दिवा लागला की त्यांच्याच चेहऱ्यावर उजेड पडायचा. "सूनबाई, तुझ्या बाबांनी आठवण काढली बघ," म्हणायच्या. पुढेपुढे गाडीत बसायचीही गरज उरली नाही. गीझर तापला नाही तरी दिव्याचं नाव निघायचं, दूध नासलं तरी निघायचं. लेकीने पुन्हा नोकरी धरायचा विषय काढला, तेव्हा तर कामं अर्धवट सोडायची तुमच्या घराण्याचीच रीत, असा निकाल लागला.

त्यानंतर लेक स्वतः गाडी घेऊन गॅरेजात आली. सर्जन सवयीने स्कॅनर घेऊन धावला. तिने त्याचा हात धरला.

"आज पुसायचं नाही, बाबा. वाचायचं."

"अगं, दोन मिनिटांत जाईल तो."

"दिवा जातो हो. मी तिथेच राहते."

सर्जनने स्कॅनर जोडला. पहिल्यांदाच नोंद वाचली. हवेचा दाब कमी होता. म्हणजे टर्बो बिचारा जीव तोडून हवा ढकलत होता आणि ती इंजिनापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेतून पळून जात होती. पाइपात हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं, तर खालच्या एका सांध्याला सुरेख फेस आला. तिथली क्लिप आवळायचीच राहिली होती. सर्जनने पोट शिवताना शेवटचा टाका घातला नव्हता.

क्लिप आवळून तो चढावर चक्कर मारून आला. दिवा लागला नाही. लगेच तोंडाचा पट्टा सुरू झाला. हल्लीच्या क्लिपा कशा बेभरवशाच्या, रस्त्याचे हादरे कसे, आणि व्याह्यांना "एक दुर्मीळ गुंतागुंत निघाली" एवढंच कळवलेलं कसं बरं. लेकीने सासऱ्यांना फोन लावून त्याच्या हातात दिला. सर्जन खाकरला, उभा राहिला, परत बसला. "व्याहीबुवा, क्लिप आवळायची मीच विसरलो," हे एक वाक्य बाहेर काढायला त्याला अख्खा टर्बो बाहेर काढण्याइतके कष्ट पडले. पलीकडून व्याही म्हणाले की शंका आम्हाला होतीच, पण तुम्हाला सांगायचं कसं.

संध्याकाळी लेकीने सासूबाईंना मागे बसवून गाडी चढावर घातली. गाडी सरसर चढली. सासूबाईंनी दोनदा मान लांब करून स्टिअरिंगमागे पाहिलं. शेवटी म्हणाल्या की ही सीट जरा टोचते. पण सीटच्या टोचण्यात सुनेचं माहेर कुठे बसवायचं, हे काही त्यांना घर येईपर्यंत सुचलं नाही.