गाळलेल्या पाण्याचं इंजिन

"गाळून घातलंय, गाळून! दुहेरी फडक्यातनं, रोजच्या रोज. आणि तू मला सांगतोस, पाण्यानं खाल्लं?"

आप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की बेळगावच्या उद्यमबागेतली निम्मी लेथ मशिनं आपोआप बंद पडली. निदान मला तसं वाटलं. पलीकडच्या शेडमधला वेल्डर तोंडावरचा पत्रा वर सारून बघायला आला, एवढं मात्र खरं. ऐंशी ओलांडलेला, पांढऱ्या टोपीतला माझा बाप एका बाजूला, इंजिन बोरिंगच्या दुकानाचा मेस्त्री दुसऱ्या बाजूला आणि मध्ये लाकडी ठोकळ्यांवर आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा इंजिन ब्लॉक, पोट उघडून पडलेला.

ह्या ट्रॅक्टरविषयी मी आजवर पुष्कळ काही सांगत आलोय. तो सुरू झाला की संकेश्वरातले लोक घड्याळं लावून घेतात. एकदा त्यानं चिखलात रुतलेली बस प्रवाशांसकट ओढून काढली आणि आतला झोपलेला कंडक्टर जागासुद्धा झाला नाही. ह्यातलं काय खरं ते निपाणीच्या बाजारात कुणीही सांगेल. पण एक गोष्ट तंतोतंत खरी. आप्पा त्याच्यावर बसून रोज शेताकडं जायचे. त्यांचे गुडघे कधीच गेलेत आणि शेत ओढ्यापलीकडं, लांब. थोरल्या भावानं नवा ट्रॅक्टर घेतला, त्यावर ड्रायव्हर ठेवला आणि आप्पांनी त्याच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही असा हुकूमही काढला. जुना तेवढा आप्पांचा. त्याच्या ऑइलमध्ये पाणी उतरून त्याचा दूध घातलेला चहा झाला, तेव्हा भाऊ मला म्हणाला, "बेळगावला ने, दाखव. ब्लॉक गेला असंल तर तिथंच भंगारात घालून ये. आप्पा घरात बसतील, बरंच हाय की."

म्हणून मी, आप्पा आणि ब्लॉक, तिघं पिकअपमधून आलतो.

मेस्त्री शहापुरातल्या विणकराच्या घरचा. बाप-आजा मागावर बसले, हा लेथवर आला. त्यानं ब्लॉकमधली एक लायनर, म्हणजे पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी, ओढून काढली आणि टेबलावर लोळवली. आतून आरशासारखी. बाहेरच्या अंगाला, जिथं पाणी खेळतं तिथं, असे खड्डे की आमच्या गावच्या रस्त्यानं तिला थोरली बहीण म्हणून नमस्कार केला असता. मेस्त्रीनं एका खड्ड्यात दाभण टोचलं. ते उभं राहिलं.

"ही तर बदलता येईल," तो म्हणाला. "आत बघा की."

मी बॅटरी घेऊन ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांत डोकावलो. तळाला तांबडा गाळ आणि वर पांढरा थर, थरावर थर, जणू आत कुणीतरी राहायला होतं आणि दर दिवाळीला चुना मारत होतं.

"पाणी कुठलं?"

"विहिरीचं," मीच म्हणालो. "त्या पाण्यात आमटी केली तर मीठ घालावं लागत न्हाय. उलट थोडं काढून ठेवावं लागतंय."

"सुम्न कुंदर," आप्पा म्हणाले. आमच्या घरी बोलणं मराठीत चालतं, राग कन्नडात. गप बस, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही जैन. पाणी गाळल्याशिवाय आमच्यात कुणी तोंडाला लावत नाही. आप्पांनी तो नेम इंजिनालाही लावला. रेडिएटरमधलं पाणी तापणार, त्यात जीव असतील तर ते मरणार, म्हणून गाळून घालायचं आणि फडक्यातलं उरलेलं परत अलगद विहिरीत सोडायचं. एकदा गाळलेलं पाणी फार वेळ चालत नाही. मग संध्याकाळी तोटी उघडून सगळं सोडून द्यायचं आणि सकाळी ताजं भरायचं. भावानं एकदा रेडिएटरमध्ये घालायच्या हिरव्या कूलंटचा डबा आणून दिला होता. आप्पांनी त्याचा वास घेतला, "विष हाय हे" म्हणाले आणि डबा गोठ्याच्या माळ्यावर ठेवून दिला. ट्रॅक्टरला पाजलं तेवढ्या निष्ठेनं त्यांनी आम्हा दोघा भावांनाही पाणी पाजलं नसेल.

हे सगळं ऐकून मेस्त्रीनं हात पुसले.

"तिथंच घोटाळा झालाय, आप्पा. फडक्यात किडा अडकतोय, मीठ न्हाय अडकत. एकदाच भरलेलं पाणी तसंच ऱ्हायलं असतं तर त्यातलं मीठ एकदाच बसलं असतं. तुम्ही रोज नवं दिलंसा. आणि रात्रभर आतनं ओला, रिकामा, वारं खात. लोखंडाला गंजायला आणि काय पायजे?"

आप्पा ब्लॉकभोवती फिरू लागले. दुखऱ्या गुडघ्यांनी, एका हातानं टेबल धरत, पुन्हा पुन्हा.

मग मेस्त्रीनं खरी परीक्षा मांडली. ब्लॉकला चीर आहे का, एवढंच आता बघायचं होतं. बाकीच्या लायनरही काढून, गाळ खरवडून, धुऊन, वाळवून त्यानं लायनरच्या बैठकीपाशी रॉकेल चोपडलं, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड फासली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. नसेल तर ब्लॉक वाचला.

वाट बघणं माझ्या रक्तात नाही. मी चहा प्यायलो, दुसरा मागवला, तो वेल्डरला दिला. रस्त्यावर जाऊन ऊन कुठवर आलं ते बघून आलो, कारण आप्पा दिवस बुडायच्या आत जेवतात, बाहेरचं काही खात नाहीत, आणि अजून वंटमुरीचा घाट उतरून घर गाठायचं होतं. परत येऊन मी ब्लॉकवर वाकलो आणि मेस्त्रीला बसची गोष्ट सांगायला लागलो. झोपलेल्या कंडक्टरपर्यंत आलो असेन.

"जरा लांबनं बोला," मेस्त्री म्हणाला. "तुमच्या वाऱ्यानं खडू उडतोय."

आप्पा हसले नाहीत. ते वाकून बघत होते. "आली," ते म्हणाले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लायनरच्या मध्ये केसाएवढी रेघ. बघता बघता ती दोऱ्याएवढी झाली आणि खालच्या बाजूला, बैठकीच्या कडेला, जाऊन मिळाली. आप्पांनी बोट तिच्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"शिवता येईल न्हवं?" मी विचारलं. "लोखंडाला टाके घालत्यात म्हणं."

"कड मजबूत असंल तर टाका धरतोय. इथं कडच कुजलीया." मेस्त्रीनं दाभणानं कडेला टोचलं. तपकिरी कपचा निघाला. "पैसे घेऊन मी शिवून देईन, आणि पहिल्या नांगरटीला परत फाटंल. म्हणून न्हाय शिवत. असलाच दुसरा ब्लॉक मिळाला तर आणा, बसवून देतो. पण हे मॉडेल आता बघायलासुद्धा मिळत न्हाय."

ब्लॉक मी भंगारात घातला नाही. चौघांनी उचलून पिकअपमध्ये ठेवला. मी सांगताना आठ सांगतो.

परतीच्या वाटेवर माझं तोंड थांबेना. कोल्हापूरच्या जुन्या बाजारात ब्लॉक मिळेल. नाहीतर मिरजेत. नाहीतर पंजाबात माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याच्याकडं अशा ब्लॉकचा डोंगर आहे, त्याच्यावर म्हणे शेळ्या चरतात. घाटात वळणावळणाला मागं ब्लॉक सरकायचा आणि पत्र्यावर आदळायचा, आणि दर आदळण्याबरोबर मी नवी योजना काढायचो. भावाला सांगतो, नव्या ट्रॅक्टरवर तुम्हाला ड्रायव्हरशेजारी बसवून नेईल. मी स्वतः सकाळी मोटारसायकलवरून सोडेन. पालखी करतो, गावातली पोरं लावतो उचलायला.

आप्पा खिडकीतून उतरतं ऊन बघत होते. यमकनमर्डी मागं पडली. माझ्याजवळच्या योजना संपल्या.

"आप्पा," मी म्हणालो, "बोला की कायतरी. उद्या शेताकडं कसं जाणार तुम्ही?"

"चालत," आप्पा म्हणाले.