आत्याच्या बैलाचा बेंदूर

अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करतो आहे, टोप्या असतील तर काढून ठेवाव्यात. पाटणजवळच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत धर्मावरून एकदाच वाद पेटला, आणि तोही एका लंगड्या बैलापायी.

बैल माझ्या आत्याचा. जोडीतला दुसरा उन्हाळ्यात गेला, नांगरट ट्रॅक्टरवर आली, पण हा म्हातारा गोठ्यात होताच. पुढचा बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा पोळा, तो बघत नाही, हे आत्याला दिसत होतं. म्हणून यंदा सगळं व्हायचं: अंघोळ, खांद्याला तूप-हळद, शिंगांना हिंगूळ, पुरणपोळी आणि ओवाळणं.

ओवाळण्यावर घोडं अडलं. सांगलीहून नवे आलेले पाळकसाहेब तरुण, तळमळीचे. ते मुद्दाम घरी आले. मीही होतोच, चहा पीत, कान टवकारून.

"बाई, धुवा, खाऊ घाला. पण ओवाळणं ही पूजा झाली. आपल्या वाडवडलांनी ते सोडलंय."

"आवं, लग्नात तुमाला ओवाळलं न्हवं? तवा काय देव झाला व्हता व्हय तुमी?"

पाळकसाहेब हसले, हटले मात्र नाहीत. ओवाळलंत तर रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे येऊ नका, एवढं सांगून गेले. नवरा गेला तेव्हासुद्धा आत्यानं प्रभुभोजन चुकवलं नव्हतं.

बेंदराला तिनं परसात लपूनछपून काही केलं नाही. ऐन रस्त्यावर, आल्यागेल्याच्या देखत निरांजन ओवाळलं. बैलानं निरांजनावर फुरफुरून ते विझवलं आणि ताटातली पोळी ओढली. आत्यानं पुन्हा पेटवलं.

रविवारी ती पहिल्या बाकावर बसली. वेळ आली तशी सगळ्यांच्या आधी उठून पुढे जाऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "ओवाळलंत?"

"ओवाळलं."

"मग मी कसं देऊ, तुम्हीच सांगा."

त्या दिवशी आत्याला भाकरही मिळाली आणि द्राक्षारसही. फक्त हसू दाबताना पाळकसाहेबांच्या हातातलं ताट एवढं हललं की ते दुसऱ्याला धरावं लागलं. कारण आत्या भर चर्चमध्ये बोलून गेली होती:

"सण बैलाचा हाय, पाळकसाहेब. बाप्तिस्मा माझा झालाय, त्याचा कवा केलासा तुमी?"