उभा राहणारा गाऊन

मध्यप्रदेश नवानवा झाला होता तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या नाटकात मी विलायतेची राणी होते आणि माझा गाऊन मल्हारगंजच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे अडकला होता. चौथ्या खेपेलाही रेशीम घडीतच! हा गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून आतल्या जाड अस्तरात छत्रीच्या काड्या हातानं शिवत बसलेला.

"अहो मास्तरजी, आतलं कोण बघणार आहे?" मी वैतागले.

"कोणी नाही, ताई. पण कपडा खडा, उभा तर तेच ठेवतं ना."

शेवटी राणी आईचा शालू नेसून स्टेजवर गेली. दुसऱ्या दिवशी मी तावातावानं रेशीम परत मागायला गेले, तर दुकानाच्या मधोमध गाऊन उभा! आत कोणी नाही, तरी कंबर बारीक, घेर फुललेला.

"मास्तरजी, नाटक काल झालं!"

"अच्छा? गाऊन तर आत्ता झाला," दातानं दोरा तोडत ते म्हणाले.

परवा एका संग्रहालयात तसाच गाऊन दिसला. मी वाकून आत बघायला लागले, तर रखवालदार ओरडला, "मॅडम, अंदर कुछ नहीं है!"

मी पुन्हा चिडले. या वेळी मास्तरांच्या बाजूनं.