रुखमाबाईची पूर्व

सरकारनं मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, काढून घेऊन दोन वर्षं झाली होती, पण गोंडपिपरीजवळच्या त्या गावात गुणवंतरावांना हे पटवून द्यायची हिंमत कोणी केली नव्हती. त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईनं तर नाहीच.

रंगूनहून परतलेल्या बाबूभाई लाकूडवाल्यानं माहजोंग नावाचा चिनी खेळ आणला. चौघांनी बसून सोंगट्या जुळवायच्या. जागांना दिशांची नावं. पूर्व पहिली खेळते, मग पाळी एकेक करत उजवीकडे जाते. पूर्ववाला जिंकला तर पूर्व त्याचीच. दुसरा कोणीही जिंकला, तर ती उजवीकडच्याला मिळते. कोण कुठं बसणार ते फासे ठरवतात.

"मालगुजाराची जागा फासे ठरवतीन?" म्हणत राव पूर्वेला बसले ते बसलेच. बाबूभाईंचा त्यांच्या सागावर डोळा. मुखरू कास्तकार आणि नानाजी कारभारी यांना हरण्याचा पिढीजात सराव. डाव जुळला तरी कोणी तोंडातून ब्र काढत नसे. वर्षभर पूर्व तसूभर हलली नाही. चहा देताना सगळ्यांच्या सोंगट्या पाहून रुखमाबाई खेळ शिकली, आणि नवऱ्याची हुशारी कुठून येते तेही. घरात तिची पाळी आंघोळीला शेवटी, जेवायला शेवटी. एकदा तरी पहिली खेळावी, एवढंच तिच्या मनात होतं.

एके दुपारी नानाजी तापानं आडवा झाला आणि चौथा भिडू मिळेना.

"तूच बस," राव म्हणाले. "माह्या उजव्या हाताले. पूजेले बसते तशी."

उजवीकडचा मुखरू पलीकडे सरकला. बाबूभाईंनी काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रुखमाबाईचा डाव जुळला. मुखरू डोळ्यांनी नको नको म्हणत होता. तिला भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला, वर्षानुवर्षांचा. तिनं सोंगट्या उघड्या मांडल्या.

"झाला माहा डाव."

राव मोठ्या मनानं हसले. "चालते. मले काही उठा लागत नाई ना?"

"उठायचं कोणीच नाई, भाऊ," बाबूभाई म्हणाले. "बाई आता पूर्व. तुमी उत्तर."

"म्हंजे दुसरा?"

"चौथे."

त्याच गादीवर, त्याच तक्क्याला टेकून राव पहिल्याचे शेवटचे झाले. सरकारलाही हे इतक्या सफाईनं जमलं नव्हतं.

नवा डाव मांडला. रावांनी सवयीनं पहिल्या सोंगटीला हात घातला. रुखमाबाईनं तो सगळ्यांदेखत बाजूला केला.

"थांबा जी. तुमची पाळी शेवटी हाये."