सरांच्या डोळ्यातला चुना

समोरच्या घराला चुना लावतायत. त्या वासानं माझी बायको हौसा डोळ्यांपुढं आली. तिला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही.

बाहत्तर सालची गोष्ट. मी कॉलेजात शिपाई होतो, फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचो. कोच सर तेव्हा नवेच होते. आमची पोरं जिंकली आणि पाहुण्या टीमची माणसं दांडकी घेऊन मैदानात घुसली. सर पोरांच्या पुढं आडवे झाले. एकानं माझी चुन्याची बादली उचलून त्यांच्या तोंडावर रिकामी केली. सर गुरासारखे ओरडले. मी झेंड्याच्या काठीनं त्या माणसाचं थोबाड फोडलं. रक्ताचा आणि चुन्याचा वास एकत्रच नाकात बसला.

हौसा पोरांना पाणी पाजायला आली होती. ती हंडा घेऊन धावली, सरांच्या छातीवर बसली आणि बोटांनी त्यांच्या पापण्या फाकवून पाणी ओतू लागली. तिच्या पाठीवर दगड पडत होते.

"वैनी, सोडा! मरतो मी!"

"गप पडा सर. तुमी मेल्यावर या टोणग्यांना शिव्या कोन देनार?"

एक डोळा वाचला. त्या एका डोळ्यावर सरांनी तीस वर्षं टीम घडवली. मी मात्र माझ्या काठीचीच गोष्ट सांगत फिरलो. आता काठी आठवत नाही, दगड खाणारी तिची पाठ दिसते.

प्रवरेच्या काठी तिच्या दहाव्याला सर आले. त्यांचा गेलेला डोळाच जास्त गळत होता.