दत्ताअण्णांच्या रणगाड्यांचा रंग

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती आधी हसली असती, आणि मग, मला ओळखते म्हणून, हसायची थांबली असती. त्या थांबण्याचीच मला भीती वाटत आली. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगतोय.

गोष्ट खेळण्यातल्या रणगाड्यांची आहे. हसा, हरकत नाही. पन्नाशी उलटलेली माणसं, अंगठ्याएवढे रणगाडे, टेबलावर हिरवं कापड अंथरून त्यावर फासे टाकत केलेली लुटुपुटीची लढाई — आहेच हसण्यासारखं. हेब्बाळला माझं ऑफिस आहे, तिथं मी हे कधी कुणाला कळू दिलं नाही. रविवारी काय करता म्हणून विचारलं तर मित्राकडे जातो म्हणायचो. खोटं नव्हतं ते. निदान तेव्हा तरी नव्हतं.

मित्र म्हणजे दत्ताअण्णा. चामराजपेटेत त्यांचं कापडाचं दुकान. माणूस माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, बोलायला मोकळा, थट्टेखोर. मी निपाणीकडचा, नोकरीसाठी या कानडी शहरात आलेला. ते इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, आणि आमच्याशी बोलताना दोन्हीची भेळ. रविवारी दुकान बंद असायचं आणि कापड उलगडून दाखवायचं ते लांबलचक टेबल मोकळं मिळायचं. आम्ही पाचसहा जण तिथं जमायचो. त्यांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे बाकीच्यांची चेष्टा करायला बरं पडायचं. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, वरून कॉफी पाठवायच्या.

आम्ही एकच लढाई पुन्हा पुन्हा खेळायचो — १९४० सालची, जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या ती. आणि नियम असा, की त्या वर्षी जो रणगाडा होता तोच टेबलावर यायचा. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पण बाजारात मिळतात ती मॉडेलं बहुतेक नंतरच्या वर्षांची — थोराड, लांब तोफेची, अंगावर जादा पत्रे चढवलेली. युद्धाच्या सुरुवातीचे रणगाडे दिसायला किरकोळ असतात. छोटी तोफ, पातळ पत्रा, रिव्हेटा ठोकलेल्या. नेमका तोच निवडायचा म्हणजे तोफ किती लांब, चाकं किती, मागं पेटी आहे की नाही, हे सगळं पाहावं लागतं. आणि हे पाहणारा कोण? मी. पुस्तकं माझ्याकडे होती, वाद घालायची खुमखुमीही माझ्याचकडे होती. नवीन रणगाडा कुणी आणला की आधी माझ्यासमोर ठेवायचा. त्याला आम्ही पासिंग म्हणायचो. दत्ताअण्णा मला आरटीओ म्हणायचे.

मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे आता सांगताना लाज वाटते. ऑफिसात माझं कुणी ऐकत नव्हतं. घरी मुलगी मोठी झाल्यावर तिनंही ऐकायचं सोडलं. पण त्या टेबलापाशी मी चष्मा वर करून एक रणगाडा हातात घेतला, की सगळे गप्प. एकदा एकाची अख्खी तुकडी मी परत पाठवली होती, मागची सामानाची पेटी खऱ्या रणगाड्यांवर एक वर्ष उशिरा आली म्हणून. तो बिचारा एवढ्या लांब होसकोट्याहून आला होता. बरोबर होतो मी तेव्हा. बरोबर असण्याचं मला व्यसनच लागलं होतं.

सांगतो, मूळ गोष्टीकडे येतो. टाळतोय असं वाटत असेल — टाळतोच आहे.

एका रविवारी खेळ संपल्यावर दत्ताअण्णा मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेले. उभ्या उभ्या कॉफी घेताना म्हणाले, काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. कडेची नजर गेलीच आहे, मधली थोडी उरली आहे, डॉक्टर फार आशा देत नाहीत. घरी अजून सांगितलं नव्हतं. मला आधी सांगितलं. का मला? विचारायचा धीर झाला नाही. मग म्हणाले, "मधू, आहे तोवर एक तुकडी रंगवून घेतो. स्वल्प, जरा नीट. शेवटची." आणि लगेच विषय बदलून माझ्या टकलावर घसरले.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. पुढं जे केलं ते मी नकळत केलेलं नाही.

आता रंगाचं सांगतो. त्या काळातले जर्मन रणगाडे नुसते गडद राखाडी होते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. फोटोंत तसेच दिसतात. माझे स्वतःचे रणगाडे सगळे राखाडी, आणि दुसऱ्यांचेही मी राखाडीच करायला लावलेले. पण त्याच्या काही आठवडे आधी मी एक जाडजूड लेख वाचला होता, जुन्या लष्करी हुकमांवरून लिहिलेला. त्या वेळी रणगाडे दोन रंगांचे असत — राखाडीवर गडद तपकिरी पट्टे. कृष्णधवल फोटोत ते दोन रंग एकमेकांत मिसळून जातात म्हणून कुणाला दिसले नाहीत. लेख पक्का होता. मी तो दोनदा वाचला, शंका काढायला जागा शोधली, सापडली नाही. म्हणजे इतकी वर्षं मी चूक होतो. माझे सगळे रणगाडे चूक होते, आणि माझ्या शब्दावर रंगवलेले सगळ्यांचेही.

मी काय केलं? मूग गिळून बसलो. कुणाला काही बोललो नाही. सांगू सावकाश, असं स्वतःला सांगितलं.

आणि मग दत्ताअण्णांनी तुकडी आणली. मिठाईच्या डब्यात, खाली मऊ कापड घालून. आठ छोटे रणगाडे, झेक बनावटीचे, जर्मनांनी वापरलेले — नेमके त्या लढाईतले, एकही निवड चुकलेली नाही. किती महिने बसले होते कोण जाणे. भिंग लावून, मधल्या चिमूटभर नजरेनं एकेक रिव्हेट रंगानं उठवली होती. आणि अंगावर राखाडीवर तपकिरी पट्टे, कडा हलक्या, एकासारखा दुसरा नाही. मॉडेलच्या खोक्यातल्या कागदावर तसं छापलंय म्हणाले, पण तू बघ, तू म्हणशील तसं.

सगळे वाकून बघत होते. कुणीतरी कन्नडमधून म्हणालं, इतकं सुंदर काम या टेबलावर आजवर आलं नाही. आणि मला हेवा वाटला. हो, हेवा. दुसरं नाव नाही त्याला. त्यांची दृष्टी जात होती आणि मी त्यांचा हेवा करत होतो. वर ही भीती, की हे पास केले तर माझे सगळे नापास. सगळ्यांना कळणार, याला इतके दिवस काही ठाऊक नव्हतं.

मी एक उचलला. फिरवल्यासारखं केलं. म्हणालो, निवड उत्तम, काम उत्तम, पण रंग चुकला अण्णा. खोक्यावर कंपन्या वाटेल ते छापतात. त्या वर्षी नुसता राखाडी होता.

झालं. एवढंच बोललो. वाद होईल असं वाटलं होतं — खरं सांगायचं तर व्हावा असंही वाटलं होतं. त्यांनी एकदा जरी लावून धरलं असतं तर मी कदाचित मागं सरलो असतो. पण ते का लावून धरतील? माझ्यावर विश्वास होता त्यांचा. "सरी," म्हणाले, "तू म्हणतोस तर तसंच असणार," आणि डबा बंद केला.

त्यांनी ते सगळे पुन्हा रंगवले. राखाडी. मला वाटलं होतं, सोडून देतील. तसेच कपाटात ठेवतील. मधे एकदा कामासाठी दुकानात गेलो तर अक्का गल्ल्यापाशी होत्या. तोवर घरात कळलं होतं. म्हणाल्या, "काय सांगितलास रे त्यांना? डोळ्यातनं पाणी गळेतो बसतात. तुझं नाव सांगतात, मी काय बोलू?" मी हसून वेळ मारून नेली. तिथंही सांगता आलं असतं. नाही का? एक वाक्य होतं. अण्णांना म्हणावं राहू दे, ते बरोबरच होते. ब्रश तिथंच थांबला असता.

नाही बोललो.

रंगवून आणले तेव्हा नजर आणखी गेली होती. राखाडी रंग जाड बसला होता, कडेला साचला होता, रिव्हेटा बुजून गेल्या होत्या. खालचं ते सगळं काम गेलं. मी म्हणालो, आता झकास. त्यांचा चेहरा उजळला. त्यानंतर त्यांनी ब्रश हातात धरला नाही. धरणार कशाला? काही दिसतच नव्हतं.

यानंतर बरीच वर्षं गेली. खेळ चालू राहिला. दत्ताअण्णा टेबलापाशी बसायचे, कुणीतरी अंतर मोजून सांगायचं, फासे त्यांच्या हातात द्यायचं, आणि ते आपले रणगाडे बोटांनी चाचपून पुढं ढकलायचे. नवीन कुणी आलं की अभिमानानं सांगायचे — ह्यांचा रंग अगदी अचूक आहे, आमच्या मधूनं तपासलाय. मी समोर असायचो. त्या वाक्याची सवय होईल असं वाटायचं. झाली नाही, नुसता थकवा आला. दर दुसऱ्या रविवारी आतून थकून घरी यायचो आणि बायको म्हणायची, खेळून एवढे दमता कसे?

मागच्या वर्षी हरीश नावाचा एक इंजिनिअर आमच्यात आला. त्याच्या रणगाड्यांवर तपकिरी पट्टे होते. पासिंगला माझ्यासमोर ठेवले. आता ही गोष्ट सगळ्या जगाला माहीत झाली होती, कुठंही वाचायला मिळत होती, नाही म्हणायची सोय नव्हती. मी बरोबर आहे म्हणालो. टेबलाच्या पलीकडून दत्ताअण्णांनी मान वळवली. विचारलं, "म्हणजे माझे पहिले बरोबर होते?"

काय ती संधी होती. सगळे ऐकत होते. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते हे: तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं अण्णा, संशोधन नंतरचं आहे.

त्यांनी माझा हात शोधून त्यावर थोपटलं. म्हणाले, मनाला लावून घेऊ नको, तुझी काय चूक? त्यांनी माझं सांत्वन केलं. आणि मी ते करून घेतलं.

वर म्हणाले, पट्टे आता तूच काढून दे. कुठं कुठं होते ते तुला ठाऊकच आहे, तूच तर नीट बघितला होतास.

मी बघितलेच नव्हते. नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच एक हातात धरला होता. डबा घरी आणला, काही दिवस तसाच ठेवला, मग मनाला येईल तिथं पट्टे मारले. माझा हात त्यांच्यासारखा नाही. परत नेऊन दिले तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो.

त्यांनी पहिला तळहातावर घेतला. रंग बोटाला काही लागत नाही, तरी अंगठा फिरवत राहिले. म्हणाले, "टरेटच्या डाव्या अंगाला एक होता, खाली निमुळता. आहे ना?"

मी तो तोफेच्या घुमटाच्या उजवीकडे काढला होता. मी म्हणालो, आहे.

मग दुसरा घेतला. पुढच्या पत्र्यावर आडवा, चाकांवर उतरलेला. आहे ना? आहे. इतक्या वर्षांनी त्यांना प्रत्येक पट्टा पाठ होता. एकेक रणगाडा उचलून ते सांगत गेले, मी शेवटच्यापर्यंत आहे, आहे म्हणत राहिलो, आणि ते समाधानानं एकेक डब्यात ठेवत गेले.