मयतांच्या लिंका

कुमासी शहरातल्या त्या रेडिओ केंद्रात पोकुआला काहीही सांगा, ती आधी ‘का?’ विचारायची. काम वेबसाइट सांभाळायचं आणि तोंड हे असं. टिकली कशी, हेच नवल.

त्या शुक्रवारी सहाला जुनी वेबसाइट कायमची बंद व्हायची होती. तिच्यावर गावोगावच्या मयतांच्या घोषणा होत्या, आणि प्रत्येकीखाली घरच्या बायकांच्या विलापाच्या रेकॉर्डिंगची लिंक. ही पानं ओपोकू नावाच्या निवेदकाने हाताने, मनाला येईल तशी लिहिलेली. एक खूण, म्हणजे टॅग, उघडायचा आणि मिटायला विसरायचा. लिंका नव्या साइटवर नेणारं शिस्तीचं सॉफ्टवेअर या पानांना हातच लावेना.

“राहू दे. मोडकी पानं आहेत,” व्यवस्थापक बोआडी म्हणाले.

“पानं मोडकी आहेत, साहेब, माणसं नाहीत. मी पॅटर्न लिहून लिंका शोधते.”

“पॅटर्नने वेबपान वाचायचं नसतं, घोळ होतो. शिकाऊ पोरगंही सांगेल.”

“वाचायचंय कुणाला? मला लिंका उपसायच्यात!”

तिने पॅटर्न लिहिला: लिंकची खूण दिसली की पकड, आणि अवतरणचिन्हांमधला पत्ता उचल. चालवला आणि तोंडघशी पडली. ओपोकूने कितीतरी घोषणा एकाच ओळीत कोंबल्या होत्या. अधाशी पॅटर्न पहिल्या अवतरणचिन्हापासून निघाला तो थेट ओळीतल्या शेवटच्या चिन्हावर थांबला. पाच मयतं एका घासात!

बोआडी पोट धरून हसले. “पाच जण एका शवपेटीत! मंडपाचा खर्च तरी वाचला.”

पोकुआच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक तिचीच होती, म्हणून जास्तच. तिने पॅटर्नला बजावलं: पहिलं मिटणारं चिन्ह आलं की तिथेच थांब. मग एकेक लिंक सुटी होऊन येऊ लागली.

“सहा वाजले. बंद कर,” बोआडी म्हणाले.

“नाही करणार.” तिने कीबोर्ड मांडीवर ओढला. “माझ्या अफ्राकोमा आजीने भावासाठी केलेला विलाप यात आहे. आजीची वाचा गेलीय आता. तो आवाज कुठून आणू? नोकरीवरून काढा हवं तर, पण लिंका संपल्यावर. आणि उद्या तुम्ही गेलात ना साहेब, तर तुमचीही लिंक मीच शोधणार आहे!”

बोआडींनी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसले.

“शोध,” ते म्हणाले. “पण मला दुसऱ्याच्या मयतीत घालू नकोस.”